चाकावरचा छज्जा

"बोल्टवालं बरं दिसतंय, की बिनबोल्टचं?" अमोघनं विचारलं.

दोन्ही हातांत दोन काळ्या कमानी धरून तो माझ्यासमोर उभा होता. अकरा वाजून गेले होते. दस्तगीरचाचाच्या शेडचा पत्रा मे महिन्याच्या उन्हानं कडाकड वाजत होता. मी एका आडव्या टायरवर बसून रेवाच्या मुठीतला नट सोडवून घेत होते. सकाळपासूनचा तिसरा.

"काहीही लाव," मी म्हणाले.

"काहीही कसं? तुला बसायचंय ना त्यात."

"आत बसायचंय. बाहेरून बघत बसायचं नाहीये."

चाचा जीपखालून हसला. दिसत फक्त त्याचे पाय होते. "वहिनी, मालक लग्नाला मुलगी बघायला गेले तवा किती दिवस लागलं हो?"

"कॉलेजात चार वर्षं बघत होता. विचारलं मीच."

"मग बरोबर हाय," पाय म्हणाले.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. पण त्या कमानींची नावं, रुंदी, किती बोल्ट, कुठलं प्लास्टिक उन्हात पांढरं पडतं आणि कुठलं नाही, हे सगळं मला अजून पाठ आहे. मायक्रोबायॉलॉजीच्या पदवीतलं इतकं आठवत नाही.

तो आमचा त्या शेडमधला तिसरा शनिवार. जुनी जीप जानेवारीत घेतली होती. चाचानं तिला उंच, रुंद टायर घातले आणि ते टायर बॉडीच्या बाहेर आले. असे टायर उघडे ठेवले की चिखल आणि खडे उडून थेट समोरच्या काचेवर येतात. ते अडवायला चाकाच्या कमानीवर बाहेरून एक रुंद झालर बसवतात. कंपनीची येत नाही, बाहेरून घ्यावी लागते. अमोघ तिला फ्लेअर म्हणायचा. चाचा म्हणायचा छज्जा. "खिडकीला छज्जा नसला तर पाणी घरात येतंय न्हवं? तसंच हे." त्या छज्ज्यापायी टायर घातलेली जीप तीन आठवडे चाचाच्या शेडमध्ये उभी होती, आणि आम्ही दर शनिवारी छोट्या गाडीतून साठ किलोमीटर घाटरस्त्यानं तिला बघायला येत होतो. कुणी पेशंटला भेटायला जातं तसं.

पहिल्या शनिवारी काहीच पसंत पडलं नाही. मग अमोघनं पुण्याहून मागवायचं ठरवलं. टायर किती बाहेर आलाय, असं त्यानं चाचाला फोनवर विचारलं. चाचा म्हणाला, चार बोटं. अमोघनं टेबलावर स्वतःची चार बोटं ठेवली, पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजली आणि दशांश चिन्हासकट ऑर्डर दिली. दुसऱ्या शनिवारी पार्सल उघडलं, तर छज्जा संपल्यावरही टायर बाहेर डोकावत होता. चाचानं आपला पंजा अमोघच्या पंजाशेजारी धरला. त्या चार बोटांत अमोघची साडेपाच सहज मावली असती.

"मालक, बोटानं माल मागवायचा तर बोट पण पार्सलनं पाठवायला लागतंय," चाचा म्हणाला होता.

मला हसू आलं नव्हतं. मी दिवस मोजत होते.

आमची बांबूची रोपवाटिका गगनबावड्याच्या पलीकडे एका वाडीत होती. अमोघ पुण्याची नोकरी सोडून तिथं आला होता आणि मी त्याच्याबरोबर. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत सहा किलोमीटर कच्चा रस्ता. मध्ये ओढा, आणि ओढ्यावर फरशी. फरशी म्हणजे पूल नव्हे, पाण्याला टेकलेली काँक्रीटची लादी. पावसाळ्यात ती दिसेनाशी होते. मग ज्याची गाडी उंच तो पलीकडे जातो, बाकीचे अलीकडे उभे राहतात.

आदल्या जुलैत आम्ही उभे राहिलो होतो. रेवा दोन वर्षांची होती. ताप मेंदूत चढला, डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. आम्ही तिला छोट्या गाडीत घातलं आणि निघालो. फरशीवरून लाल पाणी वाहत होतं. गाडी अलीकडे थांबली. एक तास दहा मिनिटं. शेवटी पलीकडून दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हर म्हणाला, "गुडघाभर तर हाय, या की." त्याच्या चाकोरीनं आम्ही पार झालो. डॉक्टर म्हणाले, तापातला झटका होता, मागे काही राहणार नाही. आणि राहिलंही नाही काही, रेवापुरतं.

मी मात्र थर्मामीटर पर्समध्ये ठेवायला लागले. आणि ज्यानं ज्यानं विचारलं त्याला, आईला, बहिणीला, सासूबाईंना, मी एकच सांगत आले: अमोघला धीर झाला नाही. त्यानं गाडी थांबवली. तो समोर असला तरी सांगितलं. तो गप्प असायचा.

म्हणून जीप. म्हणून जूनच्या आत. आणि आता पंधरा दिवस उरलेले असताना हा माणूस बोल्ट दिसावेत की दिसू नयेत याचा विचार करत होता.

"हे फायबरचं हलकं आहे," तो म्हणाला. "पण दगड लागला तर तडकणार."

"मग ते नको."

"प्लास्टिकचं तडकत नाही, पण उन्हात फिकं पडतं."

"पडू दे."

"हे पत्र्याचं घेतलं तर?" त्यानं खाली वाकून विचारलं.

"दोन पावसात गंजतंय," पाय म्हणाले.

"आणि ही रबरी पट्टी?"

"पाण्याच्या जोरानं उचकटती. तुमच्या ओढ्यात सोडून याल आणि म्हणाल चाचानं फसवलं."

अमोघनं चारही प्रकार भिंतीला टेकवून ओळीनं ठेवले आणि चार पावलं मागं जाऊन बघत उभा राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मग परत कमानींकडे. लग्नाच्या साड्यांच्या दुकानात माझी मावशी अशी बघायची, पण ती निदान शेवटी एक उचलायची.

मी रेवाच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली.

चाचा जीपखालून सरपटत बाहेर आला. साठीचा माणूस, भुवयांवर ग्रीसची बोटं. "ताप न्हाई हो तिला, वहिनी. सकाळपासनं नऊ वेळा बघितलासा."

"तुम्ही मोजताय?"

"माझं काम काय? कुठं काय घासतंय ते बघायचं."

मला राग आला. राग येण्यासारखं तो काही बोलला नव्हता, म्हणून जास्तच आला. मी डबा काढला. रेवाला दहीभात भरवला, अमोघला पोळीभाजी दिली, चाचालाही दिली. अमोघ जेवताना मोबाईलवर कुठल्याशा जीपचे फोटो बघत होता. पोळीचा घास हातात, डोळे चाकांवर.

"अमोघ, किती वाजले?"

"दीड."

"आज ठरणार आहे का?"

"ठरवतोय ना."

"तीन शनिवार ठरवतोयस. तीन शनिवार मी हिला घेऊन या भट्टीत बसते. खिळे वेचते. तुझा छंद आहे हा. तो पुरवून घे, माझं काही म्हणणं नाही. पण हिच्या नावावर नको पुरवूस."

अमोघनं हातातला घास खाली ठेवला. मोबाईल खिशात ठेवला. चाचा पोळीचा तुकडा भाजीत उगाच फिरवत राहिला. मग त्यानंच विषय काढला.

"मालक, तुमच्या त्या ओढ्याला पाणी किती असतंय?"

"दर पावसाला वेगळं. गुडघ्यापासून कमरेपर्यंत."

"तुम्ही गेल्या साली अडकलासा म्हणं."

"हो," अमोघ म्हणाला. "हिला झटका आला होता. फरशीवर पाणी होतं. मी थांबलो."

"बरं केलंसा. अंदाज नसताना पाण्यात घालू नये."

"गुडघाभरच होतं."

"ते मागनं कळलं न्हवं?"

"हो. मागनं."

मी डब्याचं झाकण लावत होते. ते बसत नव्हतं. अमोघनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि तो बघत नाहीये हे मला नीट दिसत होतं. तसंही मला सगळं दिसतं, जमिनीवरचा नट दिसतो, रेवाच्या कानामागचा डास दिसतो.

चाचा हात पुसत उठला. "चहा सांगून येतो. तवर एक काय ते धरा. चार वाजता माझा नातू एस्टीनं येतोय, त्याला आणायला जायचंय. आणि ऐका, एकदा ड्रिल चालवलं की पत्र्याचं भोक भरत न्हाई. म्हणून मी पण घाई करत न्हाई. पण मालक, चार दिवसांनी पाडलं तरी ते भरणार न्हाईच."

तो गेला. रेवा चिकटपट्टीचं रिकामं कडं हातात घालून बांगडी बांगडी म्हणत फिरत होती. शेडमध्ये आम्ही दोघंच.

"चाचांना का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय?"

"तुला माहितीये काय."

अमोघनं भिंतीला टेकवलेलं एक फ्लेअर उचललं, त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. "त्यात सांगण्यासारखं काय आहे."

"हॅन्डब्रेक मी ओढला होता."

हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होते. पुढचं चाक पाण्यात गेलं होतं त्या दिवशी. अमोघ हळू, सरळ चालला होता. रेवा माझ्या मांडीवर ताठ पडली होती आणि मी तिच्याऐवजी खिडकीतून खाली बघितलं. लाल पाणी पळत होतं, आणि गाडीच आडवी सरकतेय असं मला वाटलं. मी ओरडले नाही. नुसता ब्रेक ओढला, दोन्ही हातांनी. गाडी बंद पडली. अमोघनं ती चालू करून मागं घेतली. परत पुढं घालू का, असं त्यानं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नको म्हणाले. मग एक तास दहा मिनिटं.

"दहा महिने मी सगळ्यांना सांगते की तुला धीर झाला नाही," मी म्हणाले. "तू एकदाही बोलला नाहीस."

"तुला तसं आठवत असेल, म्हटलं."

"मला तसं आठवत नव्हतं."

"मग तू बोलशील तेव्हा बोलशील, म्हटलं." त्यानं ते फ्लेअर परत जागेवर ठेवलं, दुसऱ्याच्या रेषेत नीट. "नाहीतरी गाडी मीच मागं घेतली. पुढंही घालू शकलो असतो. तुझं न ऐकता."

बाहेर हायवेवरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या आपटत गेला. 

"मग हे काय चाललंय तुझं?" मी विचारलं. माझा आवाज अजून चिडकाच होता, दुसरा आवाज लवकर सापडेना. "हे बोल्ट आणि बिनबोल्ट? तीन शनिवार?"

"तुझ्याकडे बघतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येक वेळी एक उचलतो आणि तुझ्याकडे बघतो. हे लावलं तर ही बसेल का त्या पाण्यात. ब्रेक न ओढता. टायर उंच घेतले, तुझा चेहरा तसाच. बंपर बदलला, तसाच. आता हे एकच राहिलंय. हे लावून झालं की माझ्याकडचं संपलं, केतकी. त्यानंतरही तू घाबरलीस तर मी काय करायचं, ते मला माहीत नाही. आणि तू म्हणतेस, काहीही लाव."

मी चारही कमानींकडे बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा बघितलं म्हणायला हरकत नाही. मग उठले, जीपपाशी गेले आणि पुढच्या टायरचा बाहेर आलेला भाग माझ्या बोटांनी मोजला. सहा भरली. प्लास्टिकचं बोल्टवालं उचललं, कमानीला लावून धरलं. टायर झाकून वर बोटभर उरत होतं.

"हे फिकं पडेल," अमोघ म्हणाला.

"पडू दे. हे तडकत नाही, गंजत नाही, उचकटत नाही. सकाळपासून तुम्ही दोघं हेच सांगताय, मी ऐकत नव्हते इतकंच."

"बोल्ट दिसतील."

"दिसू देत. निघालेला बोल्ट दिसला पाहिजे. आतला निघाला तर कुणाला कळणार?"

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि या वेळी कमानीकडे परत बघितलं नाही.

चाचा चहा घेऊन आला तेव्हा मी एका बाजूनं आणि अमोघ दुसऱ्या बाजूनं ते फ्लेअर धरून उभे होतो. चाचानं भुवया वर केल्या, चहा बोनेटवर ठेवला आणि काही न विचारता चिकटपट्टी घेतली. चारही चाकांवर त्याच प्रकारचे चार छज्जे नुसते पट्टीनं चिकटवले. बोल्टच्या जागी खडूनं फुल्या केल्या. मग ड्रिल हातात घेण्याऐवजी ते बाजूला ठेवलं.

"आता माणसं बसवा," तो म्हणाला.

"कुठं?" मी विचारलं.

"गाडीत. रिकामी गाडी खोटं बोलती, वहिनी. माणसं बसली की ती खाली दबती, चाक वर येतंय, मग कुठं घासतंय ते कळतंय. ही माझी रीत हाय. जी माणसं त्या रस्त्यानं जाणार, तीच बसवायची, त्याच जागेवर. आणि एक चाक तिकडं चढवायचं." त्यानं शेडमागच्या मातीच्या उंचवट्याकडे बोट दाखवलं. गुडघ्याच्या वर उंची असेल. "अर्धी चढली की थांबायचं आणि स्टेअरिंग पुरतं वळवायचं, या टोकापासनं त्या टोकापर्यंत. मी खाली वाकून बघतो. घासलं न्हाई तरच भोक."

"गाडी तिरकी होईल," मी म्हणाले.

"होणारच. वढ्यात काय सरळ राहणार हाय?" त्यानं किल्ली अमोघसमोर धरली. "पावसात पोरगीला घेऊन जायचं तर चालवणार कोण? मालकच न्हवं?"

अमोघनं हात पुढं केला.

"चाचा," मी म्हणाले, "त्या दिवशी हा थांबला नव्हता. ब्रेक मी ओढला होता."

चाचानं माझ्याकडे, मग अमोघकडे बघितलं. किल्ली त्याच्या बोटावर लटकत होती. तो आता काहीतरी समजुतीचं बोलेल या विचारानंच मला कसंतरी झालं. पण त्याचं डोकं चाकातच होतं.

"मग तुम्हीच बसा की स्टेअरिंगवर," तो म्हणाला. "ज्याला भ्या वाटतंय त्याला घासल्याचा आवाज आधी येतोय. मालकांना येणार न्हाई, ते बोल्ट बघत बसतील. लायसन हाय?"

"आहे. पुण्यातलं."

"पुण्यातलं म्हणजे उंचवट्यावर चालत न्हाई का?"

मी किल्ली घेतली. जीपची पायरी उंच होती, चढताना ओढणी अडकली. अमोघ डाव्या बाजूनं बसला आणि चाचानं रेवाला त्याच्या मांडीवर दिलं. तिनं चिकटपट्टीचं कडं बापाच्या हातात घालायचा प्रयत्न केला, ते मनगटाशी अडलं.

"चला," चाचा म्हणाला. "पहिल्या गिअरात. दाबून न्हाई, पण सोडून बी न्हाई."

गाडी सुरू झाली. स्टेअरिंग जड होतं आणि बोनेट इतकं लांब की पुढचं चाक कुठं आहे ते कळेना. मग माझी बाजू वर जायला लागली. समोर माती होती, ती गेली आणि नुसतं आकाश आलं. अमोघ त्याच्या दाराकडे कलला. रेवा म्हणाली, "बाबा, घसरगुंडी." मागं काहीतरी करकरलं. 

"घासलं," मी म्हणाले.

"न्हाई, ते मागचं दार," खालून आवाज आला. "अजून थोडं. अजून. बास, धरा तिथंच. आता वळवा."

मी वळवलं. डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे. दंडात गोळे आले. गाडी किंचित मागं सरकली आणि मी ब्रेकवर पाय घट्ट दाबला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. हॅन्डब्रेक आम्हा दोघांच्या मधोमध होता, त्याच्या हाताच्या अंतरावर. अमोघचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्यापेक्षाही जास्त घाबरला होता, हे मला तेव्हा कळलं. आणि त्यानं दोन्ही हात रेवाच्या पोटावर एकात एक गुंफून ठेवले होते, बोटांची पेरं ताणून, जणू ते हात त्याचे त्यालाच धरून ठेवावे लागत होते.

"कुठं आवाज?" चाचानं खालून विचारलं.

मी कान दिला. इंजिनाची घरघर, पत्र्याचं तडतडणं, रेवाचं आपल्याशीच चाललेलं बोलणं.

"नाही," मी म्हणाले. "कुठंच नाही. पाडा भोक."